पासच्या हिशेबात परळी शेवटी

आमच्या ह्यांना नियम वाचायची फार हौस. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, गॅसच्या पुस्तकाचं मागचं पान, बँकेच्या भिंतीवरची पाटी, सगळं ते उभं राहून वाचतात आणि मग मला ऐकवतात. साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून त्यांचा जन्म गेला. लोकांनी वेळेवर यावं आणि वेळेवर जावं, एवढंच जगाकडे त्यांचं मागणं. निवृत्त झाल्यावर ते मागणं माझ्या वाट्याला आलं.

सायलीचं लग्न ठरलं, पत्रिका छापून आल्या, आणि एका दुपारी हे आष्टीच्या आगारातून एसटीचा पास घेऊन आले. 'आवडेल तेथे प्रवास.' सात दिवस, राज्यात कुठेही, कितीही वेळा. मला बायकांचं अर्धं तिकीट असतं म्हणून पास त्यांच्या एकट्याचाच. हात-पाय धुवायच्या आधी त्यांनी मला अटी सांगितल्या.

"ज्याच्या नावाचा हाय त्यालाच चालतो. संगं ओळखपत्र पाहिजे. बसायला जागा मिळंलच असं न्हाई. हरवला तर दुसरा देत न्हाईत. आन् सातव्या दिवशी रात्री बाराला संपतो. गाडी रस्त्यात असली तरी फुडचं तिकीट काढायचं."

"आन् आपल्या कड्याच्या रेल्वेला?" मी विचारलं.

"रेल्वेचा काय संबंध. एसटीचा हाय."

मग त्यांनी जमिनीवर बसून बोटानं रस्ता आखला. कड्याहून नगर, नगरहून पुणे, तिथून नाशिक, मग संभाजीनगर, जालना, आणि उतरताना परळी, बीड, घर. गोल चक्कर. एकाही गावाला दोनदा जायचं नाही, पासचा एकही दिवस वाया जायचा नाही. सगळे पाहुणे त्या चकरेवर ओवलेले. मी ते बोट परळीवर यायची वाट बघत होते. ते सगळ्यात शेवटी आलं.

परळीला माझा भाऊ असतो, परमेश्वर. औष्णिक वीज केंद्रात नोकरीला आहे. आई-वडील गेल्यापासून माहेर म्हणून मला तेवढं एकच दार उरलंय. आमच्याकडे जवळच्या माणसाला पत्रिका जोडीनं जाऊन द्यायची असते. कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या, मग पत्रिका. आणि देवापुढची सोडली तर पहिली पत्रिका मुलीच्या मामाची. ह्यात विचारण्यासारखं काही नसतं. मांडवात भटजी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" म्हणतात तेव्हा जो उठतो, त्याला पत्रिका शेवटी पोचली, हे मी कुठं तोंड वर करून सांगणार होते?

त्यातून परमेश्वर मानाच्या बाबतीत भारी कडक. त्याच्या सख्ख्या साडूनं मुलाच्या लग्नाची पत्रिका मोबाईलवर पाठवली आणि वरून फोन केला. परमेश्वर गेला नाही. बायनाबाई, म्हणजे माझी भावजय, तिला एकटीला पाठवलं. "फोनवर बोलावलं, फोनवर अक्षता टाकल्या," एवढंच म्हणाला. ते दोन साडू अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

"आधी परळी करू," मी म्हणाले. "मग तुमची चक्कर."

"परळीला जाऊन परत नगरला यायचं म्हंजे दोन दिवस गेले. पास कावून काढलाय मग?"

"आवडेल तिथं म्हणतात ना? मला परळी आवडती."

"पास माझ्या नावाचा हाय," हे म्हणाले, आणि वर हसले. मीही हसले. परमेश्वर आपलाच आहे, समजून घेईल, असं मनाला सांगितलं. घरचं माणूस म्हणून त्याला मागं ठेवलं, आणि चुकलं ते तिथंच.

मारुतीपुढे एक पत्रिका ठेवली, घराला कुलूप घातलं आणि आम्ही निघालो. सायली पुण्यात नोकरीला, त्यामुळे घरात मागं कोणी नव्हतं. नगरला ह्यांच्या चुलतभावाकडे पोचलो. त्यांनी हौसेनं पत्रिका हातात धरून आमच्याबरोबर फोटो काढला. भाऊजी जाऊबाईंना स्वयंपाकाला लागा म्हणत होते, ह्यांनी घड्याळ बघितलं आणि मला चहावरच उठवलं. पुण्याची गाडी होती ना. गाडीत बसल्यावर मी मोबाईल उघडला. तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पडला होता. 'सायलीच्या लग्नाचं पहिलं निमंत्रण आमच्या घरी.' खाली जोडलेले हात, फुलं, कसकसले अंगठे. कुणीकुणी बघितलं ते मी दाबून पाहिलं. परमेश्वरनं बघितलं होतं.

मी लगेच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

"ड्यूटीवर असंल," हे म्हणाले.

संध्याकाळी पुन्हा लावला. पुण्याला सायलीच्या खोलीवर पोचल्यावर पुन्हा. सायलीनं सहज विचारलं, "मामा येणारे ना गं आधीपासून? मला मांडवात आणायला दुसरं कुणी नको." मी "हो, येणार की" म्हणाले आणि तोंड धुवायला गेले. तोंडाला पाणी लावून उगीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी बायनाबाईनं फोन उचलला. तिचा आवाज दबका होता.

"ते घरी न्हाईत."

"कुठं गेलाय?"

"भायेर गेलेत. ठेवते आक्का, दुधावर लक्ष हाय."

माझी भावजय एरवी फोन ठेवायला तयार नसते. दूध उतू गेलं, भाकरी करपली, तरी तिचं चालू असतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीतून चाकणचा ट्रॅफिक बघत होते आणि नाशिकला उशीर होईल ह्याची काळजी करत होते. प्रत्येकाला आपापली काळजी.

तिथून पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. आम्ही घराघरात शिरायचो, मी कुंकू लावायची, अक्षता ठेवायची, हे पत्रिका द्यायचे, आणि चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत हे उठायचे. लोक म्हणायचे, जेवून जा, राहा आजचा दिवस. हे म्हणायचे, पास हाय. जसं काही डॉक्टरनं सांगितलंय. नाशिकच्या मावसबहिणीनं कढई चुलीवर ठेवली होती. ती बिचारी उलथनं हातात घेऊन आम्हाला दारापर्यंत सोडायला आली. प्रत्येक घरात फोटो निघायचा आणि आम्ही गाडीत बसायच्या आत तो ग्रुपवर पडायचा. मला वाटायचं, हे लोक माझ्या भावाला एकेक करून टोचताहेत आणि सुई मीच त्यांच्या हातात देतेय. सगळ्यांना विनवावं की बाबांनो फोटो टाकू नका, पण कारण काय सांगणार?

परमेश्वर सगळे फोटो बघत होता. लिहीत काहीच नव्हता. माझे फोन वाजून थांबायचे.

संभाजीनगरला, लोकांच्या घरी, पाहुण्यांनी घातलेल्या गादीवर मी रात्री ह्यांना म्हणाले, "मी सकाळची गाडी धरून एकटी परळीला जाते. माझं तिकीट मला. तुमची चक्कर तुमी करा."

"एकटीनं पत्रिका द्यायची? लोक काय म्हणतील? तुमचे मोहनराव कुठंयत म्हणतील. भांडण हाय वाटंल."

ते खरं होतं. जोडीनं न गेलेली पत्रिका म्हणजे निम्मीच पत्रिका.

"मग दोघं जाऊ."

"जालना झालं की परळीच हाय. उद्या जालना, परवा दुपारी परळी. धीर धर की जरा."

मी धीर धरला. माझ्याकडे दुसरं काय होतं धरायला.

जालन्याला ह्यांच्या पुतण्याकडे, युवराजकडे, जरा जास्त गर्दी होती. त्याचे सासू-सासरे अंबडहून आलेले. आता ते समोर बसलेत म्हटल्यावर त्यांनाही पत्रिका द्यावीच लागते. त्यांच्या नावाची पत्रिका आमच्याकडे नव्हती. ह्यांनी पिशवीतून एक बिननावाचं पाकीट काढलं, घाईघाईनं नाव लिहिलं आणि दिलं. मी अक्षता ठेवल्या. मुक्काम झाला. सकाळी ते व्याही, युवराजचे सासू-सासरे, अंबडला परत गेले, आम्ही स्टँडवर आलो. तो सातवा दिवस. गाडीत चढलो, जागाही मिळाली, आणि कंडक्टरनं पास मागितला.

ह्यांनी वरचा खिसा चाचपला. मग पिशवी उघडली. मग पिशवी मांडीवर उपडी केली.

"काय झालं?"

ह्यांचा चेहरा उतरला होता. "हरवला तर दुसरा देत न्हाईत, म्हणून मी जपून ठिवला व्हता. बिननावाच्या पाकिटात. पत्रिकेच्या घडीत."

मला समजायला एक क्षण लागला. पास व्याह्यांना दिला होता आम्ही. कुंकू लावून, वर अक्षता टाकून.

कंडक्टर भला माणूस होता, हसला नाही. म्हणाला, "काका, पास दाखवल्याबिगर मला चालत न्हाई. तिकीट काढा न्हाईतर उतरा." आम्ही उतरलो.

"तिकीट काढा," मी म्हणाले. "जाऊ द्या तो पास. पुढच्या गाडीनं सरळ परळीला चला."

"आज रात्री बारापर्यंत चालू हाय तो. अंबड वाटंवरच हाय. घेतो आन् तसंच फुडं जाऊ."

"अहो, माझा भाऊ फोन उचलंना झालाय."

"तासाभराचा प्रश्न हाय."

मी त्या स्टँडवर, चिवड्याच्या गाड्याशेजारी, बाकड्यावर बसून रडले. लाज वाटली नाही. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. हे बावचळले. पाण्याची बाटली आणून दिली, पण अंबडला जायचंच हे काही सोडलं नाही. माणूस वाईट नाही हो माझा. नियमाच्या आत उभं राहिलं की आपलं काही चुकत नाही, असं त्याला आयुष्यभर वाटत आलं, एवढंच.

अंबडला व्याही घरी नव्हते, शेतात गेले होते. पाकीट देवघरात, देवापुढे. व्याही आल्याशिवाय विहीणबाई ते उघडायला तयार नाहीत. बरोबरच आहे, त्यांच्या मालकाच्या नावाचं निमंत्रण आम्ही परत मागत होतो. माणूस पाठवून त्यांना बोलावलं. त्यांनी येऊन, हात-पाय धुऊन पाकीट उघडलं, पास बाहेर काढून उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "मला वाटलं ह्यो आमालाच दिलाय. लग्नाला यायला." सगळे हसले. मीच काय ती हसले नाही. दुपार उलटून गेली होती.

अंबडहून गेवराई, गेवराईहून माजलगाव, मिळेल त्या गाडीनं. उभ्यानं. माजलगावला मी पुन्हा फोन लावला. परमेश्वरनं कट केला. वाजून थांबला नाही ह्या वेळी, कट केला. मी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि सायलीला काय सांगायचं ते जुळवायला लागले. मामाची तब्येत बरी नाही म्हणावं. ड्यूटी बदलून मिळाली नाही म्हणावं. मांडवात मग कोण उठेल? ह्यांचा चुलतभाऊ उठेल कदाचित, पहिल्या पत्रिकेचा मानकरी. आणि सगळं गाव बघेल की छबुबाईच्या माहेरचं कोणी नाही.

"परळीत तासभर मिळंल," हे म्हणाले. "पत्रिका द्यायची, चहा घ्यायचा, की बीडची गाडी. बाराच्या आत घरी."

मी वरची दांडी घट्ट धरली. तोंड उघडलं असतं तर गाडीतल्या लोकांनी ऐकलं असतं.

परळीत उतरलो तेव्हा दिवे लागले होते. परमेश्वरचं घर औष्णिक केंद्राच्या बाजूच्या वस्तीत आहे. तिथं वाळत घातलेले कपडे झटकूनच आत घ्यावे लागतात, इतकी राख. दार सताड उघडं होतं. ओट्यावर खुर्ची टाकून परमेश्वर बसला होता. धुतलेला पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. आम्हाला बघून तो उठला, पण पायरी उतरला नाही.

"या दाजी. ये आक्का."

आवाजावरून काही कळत नव्हतं. बायनाबाईनं पाणी आणून दिलं. माझ्याकडे बघून तिनं मान खाली घातली. शेवटी मीच बोलले.

"किती फोन केले रे तुला. उचलला का न्हाईस?"

"उचलला असता तर तू फोनवर बोलावलं असतंस."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मग ते फोनवरचं निमंत्रण झालं असतं," परमेश्वर म्हणाला. "आन् फोनवर बोलावल्यावर मी जात न्हाई, हे तुला म्हाईत हाय. सायलीच्या लग्नाला मला जायाचं हाय. म्हणून उचलला न्हाई. हिलाबी सांगितलं, उचलला तरी जास्त बोलू नको."

बायनाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. "लई अवघड गेलं आक्का," ती म्हणाली. तिला खरंच अवघड गेलं असणार.

"पहिल्या दिवशी नगरचा फोटो बघितला," तो पुढं म्हणाला. "वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. रातभर झोप न्हाई. म्हणलं जाऊ दे, दाजीच्या घरचं पहिलं कार्य हाय, चुकलं असंल कायतरी, आपूनच जावं. दुसऱ्या दिवशी कड्याला गेलतो. बीडपस्तोर एसटी, मग नवी रेल्वे. तुझ्या दाराला कुलूप."

"कड्याला आलतास?"

"शेजारची दगडाबाई म्हणली, पत्रिका वाटायला गेलेत. मला वाटलं, आपली चुकामूक झाली. तू परळीला माझ्या दारात असशील आन् मी तुझ्या दारात. तसाच माघारी आलो. तवापासून ड्यूटीला गेलो न्हाई, रजा टाकली. तू येशील आन् तुला कुलूप दिसंल, ते नको म्हणलं."

म्हणजे आम्ही नाशिकला कढई सोडून पळत होतो, व्याह्यांच्या देवघरातून पास सोडवत होतो, तेव्हा हा रोज धुतलेला शर्ट घालून ह्या ओट्यावर बसत होता. मी पिशवीतून कुंकवाची डबी काढली. लावताना थोडं कुंकू त्याच्या नाकावर सांडलं. अक्षता ठेवल्या. ह्यांनी पत्रिका दिली. परमेश्वरनं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, उघडली नाही.

"देवानंतर नगरचीच पहिली ना?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत हे बोलले. "व्हय. पासच्या हिशेबात नगर आधी येत व्हतं. तुमच्या आक्कानं परळी आधी करा म्हणलं व्हतं. मी ऐकलं न्हाई. चूक माझी हाय." इतक्या वर्षांत हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"आन् ही शेवटची?"

"शेवटची," मी म्हणाले. खोटं बोलून उपयोग नव्हता.

"नगरला किती वेळ बसलात?"

"चहापुरतं."

"नाशिकला?"

"तिथंबी तेवढंच."

परमेश्वरनं डोक्यावरची टोपी सरळ केली. बाहेरून एक ट्रक गेला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणेल, की पत्रिका पोचली, या तुम्ही.

"मग बरं झालं माझी शेवटी आली," तो म्हणाला. "पहिली असती तर चहा पिऊन उठला असतात. आता फुडं कुणाकडं जायाचं न्हाई. ऱ्हावा."

ह्यांचा हात खिशाकडे गेला. "परमेश्वर, पास बारापर्यंतच..."

"संपू द्या बाराला. उद्या तिकीट काढून तिघं जाऊ कड्याला. पोरीच्या मामाला मांडवाच्या आधी पोचावं लागतंय, दाजी. कामं असत्यात."

बायनाबाई भाकरीचं पीठ काढायला आत गेली. ह्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं. आणि कड्याहून निघाल्यापासून पहिल्यांदा मी भिंतीला पाठ टेकून बसले.